मेंदूला मशीन लावून पाय चालतील का? मणक्याला मार बसलेल्या घरांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं

कोल्हापूर : कुणी नारळावरून पडलं, कुणाची उसाची ट्रॉली उलटली, कुणाची मोटारसायकल रात्रीच्या वेळी घसरली. कारण कुठलंही असो, मणक्याला मार बसून घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की त्या घरात आठ-पंधरा दिवसांत दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे पाहुणे आणि दुसरी म्हणजे मोबाईलवरचा व्हिडिओ.

व्हिडिओत एक माणूस डोक्याला मशीन लावून खुर्चीत बसलेला असतो. पुढच्या दृश्यात तोच माणूस उठून चालताना दिसतो. खाली लिहिलेलं असतं, "ऑपरेशन नाही, औषध नाही, फक्त मेंदूला उत्तेजन." मग घरात चर्चा सुरू होते. पुण्याला न्यायचं का मुंबईला? पतसंस्थेतनं किती कर्ज मिळेल? ओढ्याकडची दहा गुंठं काढायची का?

म्हणूनच हा लेख. हे मशीन खोटं नाही. त्यामागं खरं शास्त्र आहे आणि जगभर त्यावर अभ्यास चालू आहे. पण ते कुणाला उपयोगी पडू शकतं, किती पडतं आणि कुणाला पडत नाही, हे कळल्याशिवाय सातबाऱ्याला हात लावू नका.

मार नेमका कुठं बसतो?

पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची माळ. या माळेच्या आतल्या पोकळीतून मेंदूपासून खाली एक दोरी येते. तिला मज्जारज्जू म्हणतात. जाडी साधारण करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. पाय उचल, मूठ आवळ, लघवी थांबव, हे सगळे निरोप मेंदूकडून याच दोरीतून खाली जातात. पायाला काटा टोचला, पाणी गरम लागलं, हे निरोप याच दोरीतून वर येतात.

आपल्याकडची उपसा सिंचन योजना डोळ्यांसमोर आणा. नदीकाठच्या जॅकवेलवर मोटार असते, तिथून माळावरच्या शेतापर्यंत पाइपलाइन जाते. मेंदू ही मोटार, मज्जारज्जू ही पाइपलाइन आणि हातापायांचे स्नायू म्हणजे शेत. मणका मोडून आत घुसला की पाइपलाइन फुटते. मोटार धडधाकट आहे, शेतही जागच्या जागी आहे, पण पाणी पोचत नाही.

फुटलंय कुठं, यावर पुढचं सगळं ठरतं. मानेत फुटलं तर हात आणि पाय दोन्ही जातात. छातीच्या मागं किंवा कमरेच्या वर फुटलं तर हात शाबूत राहतात, पाय जातात. दोन्ही प्रकारांत लघवी-संडासवरचा ताबा सुटतो. घरच्यांना सगळ्यांत जड जाणारी आणि चारचौघांत बोलता न येणारी हीच गोष्ट असते.

आणखी एक प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. पाइप पूर्ण तुटलाय की थोडा शिल्लक आहे? डॉक्टर टाचणी टोचून आणि स्नायूंची ताकद बघून रुग्णाला 'ए' ते 'ई' अशा पाच वर्गांत घालतात. 'ए' म्हणजे पूर्ण दुखापत, खालच्या टोकापर्यंत ना हालचाल ना संवेदना. 'बी' म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. 'सी' आणि 'डी' म्हणजे थोडी हालचाल शिल्लक आहे, त्यातही 'डी' मध्ये ताकद बरी असते. 'ई' म्हणजे तपासणीत सगळं नीट. यासाठी डॉक्टर गुदद्वाराजवळची संवेदनाही तपासतात. लाजू नका, ती तपासणी फार मोलाची असते. मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकापर्यंत निरोप पोचतोय का, ते तिथंच कळतं.

तुमच्या माणसाचा वर्ग कोणता, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढं कुणीही कसलंही मशीन दाखवलं तर पहिला कागद तोच लागणार आहे.

मार पाठीत, मग मशीन डोक्याला का?

हा प्रश्न कुणालाही पडेल, आणि तो बरोबर आहे.

पाइप थोडा शिल्लक असेल तर दोन गोष्टी करता येतात. पाइप दुरुस्त करणं किंवा मोटारीचा दाब वाढवून उरलेल्या वाटेनं जास्त पाणी ढकलणं. मज्जारज्जूच्या तुटलेल्या तारा जोडणं आजही वैद्यकशास्त्राला जमलेलं नाही. ऑपरेशन करून डॉक्टर मणका सरळ करतात, स्क्रू-पट्ट्या बसवतात, दोरीवरचा दाब काढतात. पण तुटलेली तार शिवता येत नाही. म्हणून संशोधक दुसऱ्या वाटेकडं वळले, मोटारीकडं.

मार बसल्यावर पाय हलवणारा मेंदूचा भाग महिनोन् महिने बेकार बसतो आणि सुस्तावतो. त्या भागाला बाहेरून चेतवलं आणि त्याच वेळी पायांकडून व्यायाम करून घेतला, तर उरलेल्या तारांमधून जास्त निरोप जातील, काही तारांना नव्या फांद्या फुटतील आणि वापरात आलेली वाट पक्की होईल, असा हा विचार आहे. पायवाट रोज तुडवली की रुळते, तसंच.

इथंच या उपचाराची मर्यादाही दिसते. पाइप पूर्ण तुटला असेल तर मोटारीचा दाब कितीही वाढवा, शेतात पाणी येत नाही. 'ए' वर्गातल्या काही रुग्णांमध्ये तपासणीत न दिसणाऱ्या थोड्या तारा शिल्लक असतात, हे खरं आहे. पण चालण्या-फिरण्यात सुधारणा दिसली, ती मुख्यतः अपूर्ण दुखापतीच्या रुग्णांमध्ये, म्हणजे ज्यांची थोडी का होईना हालचाल उरली होती त्यांच्यात.

मशीन दोन प्रकारचं

कवटी न उघडता, टाका न घालता मेंदूला चेतवायच्या दोन पद्धती मुख्य आहेत.

पहिली चुंबकाची. तिला टीएमएस म्हणतात. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथं अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पहिल्यांदा दाखवली. इंग्रजी आठच्या आकाराचं वेटोळं डोक्याला टेकवतात. त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीक वीज निर्माण करतं. हाताच्या भागावर वेटोळं धरलं की रुग्णाचा अंगठा आपोआप उडतो. टक-टक असा मोठा आवाज होतो, म्हणून कानात बोळे घालतात. एक बैठक साधारण अर्ध्या तासाची, आणि अशा बैठका रोज, काही आठवडे.

हाताचा भाग मेंदूच्या बाजूला, कवटीच्या जवळ असतो. पायाचा भाग मात्र डोक्याच्या मधोमध, दोन अर्ध्यांच्या फटीत खोल असतो. चुंबकाचा जोर दोन-तीन सेंटीमीटरच्या पुढं झपाट्यानं कमी होतो. म्हणून हातापेक्षा पायाच्या भागापर्यंत पोचणं अवघड, आणि त्यासाठी वेगळ्या आकाराचं वेटोळं लागतं. "एकाच मशीननं सगळं होतं" असं कुणी म्हणालं तर ही गोष्ट लक्षात असू द्या.

दुसरी पद्धत विजेची, टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधतात आणि एक-दोन मिलीअँपिअर इतका क्षीण प्रवाह साधारण वीस मिनिटं सोडतात. मुंग्या येतात, खाज सुटते, बाकी फारसं जाणवत नाही. ही वीज मेंदूला धक्का देत नाही, पेशी जरा सावध करते. यंत्र लहान आणि स्वस्त असतं, त्यामुळं ते ऑनलाइनही विकायला असतं. बॅटरी आणि तारा जोडून घरच्या घरी हा प्रयोग करणारे व्हिडिओही सापडतील. कृपा करून तो नाद करू नका. चुकीच्या जागी, चुकीच्या जोरानं लावलं तर कातडी भाजते, आणि मेंदूवर काय परिणाम होईल हे सांगता येत नाही.

हे दोन्ही उपचार म्हणजे मानसिक आजारात देतात तो 'शॉक' नव्हे. त्यात भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. इथं रुग्ण जागा असतो, बोलत असतो.

पुरावा काय सांगतो?

टीएमएस हा काही बाजूला पडलेला उपचार नाही. नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्येच त्याला मान्यता दिली. आपल्या देशातही मोठ्या शहरांतल्या मानसोपचार विभागांत तो वापरला जातो. म्हणून एखाद्या हॉस्पिटलात मशीन आहे, एवढ्यावरून ते मणक्याच्या मारावर मान्यता मिळालेलं आहे असं समजू नका. मशीन तेच, पण आजार वेगळा आणि पुरावाही वेगळा.

मणक्याच्या मारानंतर तीन गोष्टींसाठी हे मशीन वापरून बघितलं गेलंय.

पहिली, वेदना. पाय बधिर, पण त्याच पायात आग पेटल्यासारखी जळजळ, करंट लागल्यासारखी कळ. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याला हे सांगायला नको. ही नसांची वेदना साध्या गोळीनं थांबत नाही. २००६ मध्ये १७ रुग्णांवर टीडीसीएसचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वेदना कमी झाल्याचं दिसलं. पुढच्या अभ्यासांचे निकाल मात्र संमिश्र आले. टीएमएसबाबत २०२० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटानं सगळा पुरावा तपासला. सगळ्यांत पक्क्या पुराव्याच्या यादीत त्यांनी नसांची वेदना, नैराश्य आणि पक्षाघाताच्या झटक्यानंतर हाताची हालचाल यांना जागा दिली. मणक्याच्या मारानंतर चालणं त्या यादीत नव्हतं.

दुसरी, ताठरपणा. पाय आपोआप आखडतात, झटके येतात, मांड्या चिकटून बसतात. यातही काही रुग्णांना उतार पडल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण तो काही काळापुरता असतो.

तिसरी, हालचाल आणि चालणं. स्पेनमधल्या बार्सिलोनाजवळच्या बादालोना शहरात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी गुटमन इन्स्टिट्यूट नावाचं हॉस्पिटल आहे. तिथला २०१२ चा अभ्यास बघा. रुग्ण १७, सगळे 'डी' वर्गातले, म्हणजे पायात बरीच ताकद उरलेले. टीएमएसच्या पंधरा बैठकांनंतर त्यांच्या चालण्याचा वेग वाढला. आता हे नीट वाचा. चालणाऱ्यांचा वेग वाढला. जागेवरून न हलणारा माणूस उठून चालायला लागला, असं तो अभ्यास म्हणत नाही.

असे अभ्यास आता बरेच झालेत. पण बहुतेक अभ्यासांत रुग्ण दहा, वीस, तीस. प्रत्येकाची मशीनची पद्धत वेगळी, बैठका वेगळ्या. म्हणून शास्त्रज्ञांची भाषा आजही "आशादायक आहे, पण अजून मोठे अभ्यास हवेत" अशीच आहे.

'मशीन लावलं आणि पाय हलला', यात खरं किती?

"आमच्या पाहुण्यातल्या पोरानं मशीन लावलं आणि महिन्यात त्याचा अंगठा हलला." असं सांगणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. पण एक गोष्ट त्यालाही माहीत नसते. अपूर्ण दुखापत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात बऱ्याच जणांमध्ये आपोआप थोडी सुधारणा होतेच. सूज उतरते, दबलेल्या तारा जाग्या होतात. त्याच काळात मशीन लावलं तर श्रेय मशीनला जातं. अंगारा लावला तर अंगाऱ्याला जातं.

मग खरं-खोटं कसं ओळखायचं? शास्त्रज्ञ रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला खरं मशीन, दुसऱ्याला खोटं. खोट्या मशीनचा आवाज तसाच, खुर्ची तीच, वेळ तीच, फक्त आत चुंबकाचा जोर पोचत नाही. कुणाला काय लावलंय हे रुग्णाला माहीत नसतं. व्यायाम दोन्ही गटांना सारखा. शेवटी खऱ्या मशीनचा गट पुढं गेला, तरच मशीनचा गुण. गंमत म्हणजे खोट्या मशीनच्या गटातली माणसंही अनेकदा सुधारतात, कारण त्यांनी रोज नेमानं व्यायाम केलेला असतो.

व्हिडिओतल्या चालणाऱ्या माणसाचं आणखी एक उत्तर आहे. फिरणाऱ्या अनेक व्हिडिओंचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात असतं. तिथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये तीन रुग्णांच्या मज्जारज्जूवर विजेची पट्टी बसवून त्यांना उभं करून चालवून दाखवलं. मे २०२३ मध्ये त्यांनी एका डच माणसाच्या मेंदूवर आणि मज्जारज्जूवर अशी यंत्रं बसवून दोन्ही एकमेकांना जोडली. काम मोठंच आहे, पण ते ऑपरेशन आहे, मोजक्या लोकांवरचा प्रयोग आहे, आणि डोक्याला बाहेरून लावायच्या मशीनशी त्याचा संबंध नाही. चित्र एकाचं आणि जाहिरात दुसऱ्याची, असं होऊ शकतं.

ऑपरेशनशिवायची एक बातमी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मानेवर कातडीवरूनच वीज देणाऱ्या एका यंत्राचा ६० रुग्णांवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मानेच्या अपूर्ण दुखापतीचे. आधी दोन महिने फक्त व्यायाम, मग दोन महिने व्यायाम आणि वीज. ७२ टक्के रुग्णांच्या हाताच्या ताकदीत आणि कामात सुधारणा झाली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे यंत्र मेंदूवर नाही, मानेवर लागतं, पण धडा तोच आहे. काहीतरी शिल्लक असावं लागतं, आणि व्यायाम सोडून चालत नाही. नुसतं खत टाकून ऊस येत नाही, लावण करावी लागते.

धोका कुणाला?

जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली ही मशीन बऱ्यापैकी सुरक्षित समजली जातात. डोकं दुखणं, कवटीवर टोचल्यासारखं होणं, हे नेहमीचे त्रास. टीएमएसमध्ये क्वचित फिट येऊ शकते. म्हणून या गोष्टी आधी सांगाच : आधी कधी फिट आली आहे का, डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप आहे का, कानातलं यंत्र ऑपरेशननं बसवलंय का, पेसमेकर आहे का, दिवस गेलेत का. अपघातात मणक्याबरोबर डोक्यालाही मार बसला असेल तर तेही सांगा, त्यानं फिटची शक्यता वाढते. काही वेदनाशामक गोळ्यांनीही ती वाढते, तेव्हा चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

कोल्हापूरनं दाखवलेली वाट

आता मशीन बाजूला ठेवून आपल्याच गावातली गोष्ट बघू. नसीमा हुरजूक, सगळ्यांच्या नसीमादीदी. ऐन कॉलेजच्या वयात, सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या कमरेखालची ताकद गेली. पाय परत आले नाहीत. पण व्हीलचेअरवर बसून त्यांनी शिक्षण केलं, केंद्र सरकारच्या अबकारी आणि सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, कामधंद्याचं शिक्षण यातून कितीतरी मुलं-मुली आपल्या पायावर, म्हणजे आपल्या चाकावर उभी राहिली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे दुसरं नाव. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून हा जवान जायबंदी झाला. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारतासाठी पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोघांच्या काळात मेंदूचं मशीन नव्हतं. पुनर्वसन म्हणजे काय, हे त्यांच्याकडं बघून कळतं. उरलेल्या शरीराकडून जास्तीत जास्त काम घ्यायचं, आणि घर, शाळा, ऑफिस त्या माणसाला वापरता येईल असं करायचं.

आज घरी काय करायचं?

मणक्याच्या रुग्णाचा जीव बहुतेक वेळा पायांमुळं जात नाही, तो जातो कातडीमुळं आणि लघवीमुळं. बेडसोर चिघळतो, नाहीतर लघवीचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. दोन्ही टाळता येतात आणि त्याला जमीन विकावी लागत नाही.

• अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. घरातल्यांनी पाळ्या लावा, मोबाईलवर गजर लावा.

• खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर भार देऊन, नाहीतर पुढं वाकून ढुंगणावरचा दाब काढा. मधे भोक असलेली गोल गादी वापरू नका, कडेचा रक्तपुरवठा तुटतो.

• रोज आरसा धरून किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यानं माकडहाड, ढुंगण, टाचा बघा. लाल डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे, त्या जागेवर भार नको.

• गरम पिशवी, शेक, चुलीजवळ बसणं टाळा. भाजलेलं कळत नाही.

• कायमच्या नळीऐवजी ठरावीक तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायची पद्धत डॉक्टरांकडून शिकून घ्या. ती बहुतेकांना स्वतःला जमते.

• सांधे रोज हलवा. आखडलेला घोटा आणि गुडघा नंतर कुठलंही मशीन सरळ करत नाही.

• दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, घाम फुटला, रक्तदाब वाढला, तर लगेच उठवून बसवा, नळी तुंबली आहे का बघा, कपडे सैल करा आणि दवाखाना गाठा. हा धोक्याचा इशारा असतो.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आलेला नाही त्यांच्यासाठीही एक सांगणं. झाडावरून पडलेल्या माणसाला हात-पाय धरून उचलू नका, पाणी पाजायला बसतं करू नका. मान-पाठ सरळ ठेवून चार-पाच जणांनी एकदम फळीवर घ्या आणि १०८ ला फोन करा. अर्धवट तुटलेली दोरी उचलण्याच्या घाईत पूर्ण तुटू शकते.

कागदपत्रं आणि हक्क

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो, तपासणीसाठी सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना आहे. ऑपरेशनच्या वेळी महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्याची ग्रामसभेत विचारणा करा. व्हीलचेअरसारख्या साधनांसाठी केंद्राची 'अ‍ॅडिप' योजना आहे. मोठ्या तपासणीसाठी आणि पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अली इथं केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून काम करते आहे.

पैसे भरण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

१. आमच्या माणसाचा वर्ग कोणता, 'ए' की 'सी'? या वर्गात फायदा झाल्याचा पुरावा दाखवा.

२. हे कशासाठी करताय : वेदना, ताठरपणा, की हालचाल? फायदा मोजणार कसा?

३. मशीनच्या सोबत रोज किती तास व्यायाम करून घेणार आणि फिजिओथेरपिस्ट कोण? नुसतं मशीन असेल तर उठून या.

४. हा नेहमीचा उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर सीटीआरआय या सरकारी यादीत त्याची नोंद असली पाहिजे, नैतिकता समितीची परवानगी पाहिजे आणि रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

५. काही फरक नाही पडला तर किती बैठकांनंतर थांबणार?

६. फिट आली तर सांभाळायला डॉक्टर तिथं हजर असतो का?

"शंभर टक्के चालवून दाखवतो" असं म्हणणाऱ्याला सातवा प्रश्न विचारायची गरज नाही. मणक्याच्या मारावर स्टेम सेलचे इंजेक्शन पैसे घेऊन देणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्याला नेहमीचा उपचार म्हणून मान्यता नाही.

ज्या माणसाच्या पायात थोडी हालचाल उरली आहे, जो रोज व्यायाम करतो, ज्याची कातडी आणि लघवी नीट सांभाळली आहे, त्याच्यासाठी हे मशीन पुढं-मागं एक चांगली जोड ठरू शकेल. तोपर्यंत त्यानं शरीर तयार ठेवलं पाहिजे. अंगावर जखमा आणि आखडलेले गुडघे घेऊन गेलेल्या माणसाला पुढचा कोणताच उपचार नीट घेता येणार नाही.

म्हणून तो व्हिडिओ पुढच्या वेळी आला की आधी डिस्चार्जचा कागद काढा आणि वर्ग कोणता लिहिलाय ते बघा. आणि घड्याळात दोन तास झाले असतील तर त्याआधी आपल्या माणसाची कूस बदला.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)